माझ्या खोलीत सर बसलेच नाहीत

"हिच्याजवळ बसून काय करू? हिला सरकारनं आधीच पास करून ठेवलंय."

माझ्या ओपीडीच्या दारात उभं राहून सर हे म्हणाले. माझ्यासमोर पेशंट बसलेला. सिस्टर बीपीचा पट्टा गुंडाळत होत्या. सरांच्या मागे अद्वैत, माझ्याच बॅचचा. तो हसला. सिस्टरही हसल्या. सगळ्यात वाईट म्हणजे मीही हसले. मग सर अद्वैतच्या खोलीत गेले आणि तासभर तिथंच बसले.

एमबीबीएसनंतर मी अमरावतीच्या एका हॉस्पिटलात फॅमिली मेडिसिनचं तीन वर्षांचं प्रशिक्षण घेते आहे. राखीव जागेवर. बाबा बडनेऱ्याला रेल्वेत होते, हातोडा घेऊन रूळ तपासत चालायचे. घरात पहिली डॉक्टर मी. आमच्या विषयातलं खरं शिकणं फळ्यावर होत नाही. दर गुरुवारी सरांनी आमच्या खोलीत कोपऱ्यात बसायचं, आम्ही पेशंट कसा पाहतो ते गप्प पाहायचं आणि पेशंट गेल्यावर सांगायचं, इथं चुकलीस. हाच आमचा वर्ग.

आम्ही दोघंच. एक गुरुवार त्याचा, एक माझा. माझ्या गुरुवारी सरांना मीटिंग निघायची. नाहीतर म्हणायचे, "ही तुमचीच माणसं. तुझं आपोआप जमतं." आणि अद्वैतच्या गुरुवारी बाहेरची सगळी गर्दी माझ्याकडे वळवायचे, त्याला निवांत शिकता यावं म्हणून. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिलेत. सर तर माझ्यासाठी उंटावरही चढले नाहीत.

खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरंच वाटायचं. सर बसले असते तर माझ्या बोलण्याला हसले असते. माझ्या तोंडून अजून 'मले', 'तुले' निघतं. अपमान टळतोय ना, मग शिकणं गेलं तरी चालेल, असा तो हिशेब होता. भित्रेपणाच होता. लॉगबुकात मात्र माझे सगळे गुरुवार भरलेले. 'रुग्णाशी संवाद उत्तम.' खाली सरांची सही. तिच्याखाली माझी. मी करत आले.

कांताबाई नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात कामाला. खोकला घेऊन आल्या. तपासलं, औषध लिहिलं. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि पडदा धरून म्हणाल्या, "मॅडम, काखेत गोळी लागते हाताले. दुखत नाही पण."

मी पुढचा कागद ओढला होता. म्हटलं, "पुढच्या वेळी पाहू."

पुढची वेळ चार महिन्यांनी आली. तोवर गाठ लिंबाएवढी झालेली, आणि स्तनातही एक. रिपोर्ट मीच वाचला. कॅन्सर. कांताबाई भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "म्या तं सांगतलं होतं तुमाले, जाता जाता."

सरांनी मला सगळ्यांसमोर झापलं. झापायलाच हवं होतं. पण ते म्हणाले, "पेशंट खरं दुखणं जाताना सांगतो. त्याला परत बसवायचं असतं. हे मी गुरुवारी दहा वेळा शिकवलंय. डोकंच नसेल तर शिकवून काय उपयोग?"

अद्वैत खाली मान घालून उभा होता. नंतर त्यानंच सांगितलं. पहिल्या महिन्यात तोही असाच एका म्हाताऱ्याला वाटेला लावत होता आणि कोपऱ्यातून सर म्हणाले होते, थांब, बसव त्यांना. एवढंच. एक वाक्य. चुकत दोघंही होतो. त्याची चूक कुणीतरी पाहिली. माझी कांताबाईच्या अंगात वाढली.

पण त्या वेळी, सगळ्यांसमोर, सरांचं ते 'दहा वेळा' ऐकलं आणि माझं डोकं सणकलं. आजवर मला वाटायचं, सर फक्त माझा अपमान करतात. अपमान काय, आम्हाला गिळायची सवय आहे. पण हा माणूस माझी विद्या अडवून बसला होता, आणि तिच्यावाचून मरणार होती ती माझ्यापुढे रांगेत बसणारी माणसं.

"मला नाही शिकवलं, सर," मी म्हटलं. "माझ्या खोलीत तुमी एकदाही बसले नाही."

'तुमी' निघालं तोंडून. निघू दिलं.

परीक्षेच्या अर्जासाठी लॉगबुक आम्हा दोघांच्या शेवटच्या सहीला पुढे आलं. माझ्या प्रत्येक गुरुवारी 'संवाद उत्तम'. मी पेन घेतलं आणि ओळीओळीला लिहिलं: सर आले नाहीत. शिकवलं नाही. कांताबाईंच्या तारखेला लिहिलं: रुग्णानं गाठ सांगितली, मी तपासली नाही. प्रत्येक नोंदीखाली सही केली.

"असल्या बुकावर मी सही करणार नाही. वर्ष जाईल तुझं," सर म्हणाले.

"जाऊ द्या."

बाबांचा फोन आला. "सही करून टाक नं माय. कावून त्याच्या वाट्याले जातं?" बाबांना मी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं.

कांताबाईंना तोंडावर सांगितलं, चूक माझी. त्यांनी तोंड फिरवलं. बरोबरच केलं त्यांनी.

अर्ज अडकलेला आहे. माझ्या गुरुवारी दहाच्या ठोक्याला मी सरांच्या केबिनमध्ये जाते आणि म्हणते, चला सर, माझा तास आहे. ते मान वर करत नाहीत. मी परत येते, तारीख घालते, 'आले नाहीत' लिहिते, सही करते. ते येईपर्यंत लिहिणार आहे.