पाहुण्यांसाठी थांबलेला बीम

व्हँकूवरच्या आमच्या प्रयोगशाळेत तापलेल्या टार्गेटवर प्रोटॉनचा झोत, म्हणजे बीम, सोडून क्षणभरच जगणारी अणुकेंद्रं बनवत. ती मोजणारा एक नागपूरकर डबा खातानाही पडद्याकडेच बघायचा. त्याचं पुढचं कंत्राट त्याच आठवड्याच्या मोजणीवर ठरणार होतं, आणि नेमके तेव्हाच मंत्री आले. किरणोत्सर्गामुळे आमच्याकडे प्रयोग दाखवायचा तर आधी तो थांबवावा लागतो.

"थंड झालं का टार्गेट तडकते, भाऊ. सांगतलं मी डायरेक्टरले," तो मला म्हणाला.

बीम थांबला. मंत्र्यांनी पडद्यावरची सपाट रेघ न्याहाळली. "व्हेरी स्टेबल!"

"येस सर. नथिंग इज कमिंग," नागपूरकर म्हणाला.

टाळ्या पडल्या. टार्गेट तडकलंच.

महिन्याभराने त्याने मला पार्किंगमध्ये गाठलं. "भाऊ, माझे विंटर टायर घेता का? नागपूरले काय करू त्यायचं?"