ज्वारीच्या पोत्यांमधला मठ

पंच्याहत्तर सालच्या आगेमागे मी सोलापुरात बाहेरून एम.ए.ला बसले होते. विषय इतिहास. आदल्या वर्षी सपशेल नापास झाले होते, आणि यंदा नाही जमलं तर पुस्तकं बांधून माळ्यावर टाकायची असं घरात ठरलं होतं. मला तर तो विचारही सोसत नव्हता. पण पुस्तक उघडलं की कुणीतरी चहा मागायचंच.

एका दुपारी शेंगा फोडता फोडता मी सासूबाईंना युरोपातल्या कार्थुसियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या मठाचा इतिहास सांगत होते. मोठ्यानं सांगितलं की माझ्या लक्षात राहायचं. कुणा सरदारानं जमीन दान दिली आणि मठ उभा राहिला. प्रत्येक साधूला स्वतंत्र खोली, मागं छोटी बाग. सदा मौन. जेवण भिंतीतल्या झरोक्यातून यायचं. आठवड्यातून एकदा सगळे मिळून फिरायला जायचे, तेव्हा काय ते बोलून घ्यायचे. अशी कैक शतकं गेली.

सासूबाईंचं माहेर सांगोल्याकडचं, मेंढरं राखणारं. त्यांना भलतीच शंका आली.

"समदी आत बसली तर मेंढरं कोण राखायचं?"

"त्याला मठातलेच वेगळे सेवेकरी बंधू असायचे, आत्या. शेत, मेंढरं, लोकर, सगळं तेच बघायचे."

"मग बस की तू बी आत. भाईरचं म्या बघते."

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीतली ज्वारीची पोती सरकवून त्यांनी मला बसवलं. खिडकीतून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यायची. परीक्षेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद. मी मनातून खूष!

"सून मौनात बसलीय," असं त्यांनी गल्लीत सांगितलं, आणि गल्लीनं त्याचं व्रत करून टाकलं. शेजारची विणकर बाई खिडकीत नारळ ठेवून हात जोडून गेली. दुसरीनं लेकीच्या लग्नासाठी साकडं घातलं. मला हसू आवरेना. पण तोंड उघडलं असतं तर मौन मोडलं म्हणून रवानगी थेट चुलीपुढं. मी डोळे मिटून ओठातल्या ओठात मध्ययुग घोकत राहिले. बायकांना तो जप वाटला. महिनाभर घरात खोबऱ्याच्या वड्या होत्या.

मी पास झाले. चांगल्या मार्कांनी झाले, उगीच विनय कशाला! पेढे वाटून झाले तशा सासूबाई हात पुसत म्हणाल्या, "आता म्या बसते आत. आठ दिस मला कुणी हाक मारायची न्हाय."

"आत काय करणार, आत्या?"

"काय बी न्हाय. लगीन झाल्यापास्नं एकटी अशी बसलेच न्हाय की गं."

त्या आत गेल्या, दार लावून घेतलं. थोड्या वेळानं सासरे चष्मा सापडेना म्हणून त्यांना हाका मारत आले. मी दारापुढं उभी राहिले.

"मामंजी," मी म्हणाले, "त्या कामात आहेत."