खोल्या की मलगी

भीमपूरच्या शेतातला माझा हिस्सा भावांनी विकत घेतला, तेव्हा त्या पैशाचं काय करायचं हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. मला एवढंच हवं होतं, की कुठूनतरी दर महिन्याला भाडं यावं, आणि म्हातारपणी सुनेकडे औषधाला पैसे मागायची वेळ येऊ नये. पैसा एकदाच मिळाला होता. बुडाला असता तर पुन्हा मिळणारा नव्हता.

आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे होणार, असं त्या दिवसांत बाजारात सगळे बोलत होते. तशातच माझे चुलत दीर घरी आले. कचेऱ्यांच्या मागच्या गल्लीत त्यांच्या तीन भाड्याच्या खोल्या होत्या, त्या त्यांना विकायच्या होत्या.

"वयनी, गोदाम घ्याल तं कापसाच्या दिवसांत भरते, मंग वर्षभर उंदरं राह्यतेत. गुडीहत्नूरले दुकानाची मलगी घ्याल तं भाडं खोल्यांच्या निम्मं. खोल्याच घ्या. सरकारी मानूस, पगार झाला का भाडं दारात!"

मलगी म्हणजे आमच्याकडे दुकानाचा गाळा. हिशेब बिनचूक होता. म्हणूनच मला धास्ती वाटली. एवढी दुभती म्हैस कोणी विकतं का? पण मी पडले लाजरी. दीर गेल्यावर नवऱ्याजवळ तेवढं म्हटलं.

"तुले तं प्रसादातबी खडा दिसते," तो म्हणाला.

खोल्या पाहायला गेलो. मधल्या खोलीत एक तेलुगू बाई होती. दीर म्हणाले, "लय वर्सांपासून आहेत, हालायचं नाव नाही." माझी नजर उंबरठ्यावर गेली. आमच्याकडच्या तेलुगू बायका शुक्रवारी उंबरठ्याला हळद लावतात, वर कुंकवाचे ठिपके देतात. वर्षानुवर्षं लावली की हळद लाकडात मुरते, घासली तरी जात नाही. हा उंबरठा मात्र कोरडा, करडा होता, आणि त्यावर हळदीचा एकच पट्टा, तोही अजून ओला.

मी धीर करून बाईला विचारलं, "अद्दे एंत?" भाडं किती?

ती दिरांकडे पाहायला लागली. दीरच हसून म्हणाले, "बायायले भाड्याचं काय मालूम!"

भाड्याच्या घरातल्या बाईला दुसरं काही माहीत नसेल, पण भाडं माहीत असतंच.

घरी आल्यावर मी हळदीचं सांगितलं. नवरा म्हणाला, "आता हळदीवरून घर पारखतं काय? चौकट बदलली असंन." तसंही असेल. मला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी दीर बयाना, म्हणजे इसाराचे पैसे, घ्यायला आले. मी एरवी चहा आतूनच पाठवते. त्या दिवशी स्वतः घेऊन गेले, आणि कपाकडे पाहतच बोलले, "भाऊजी, जिल्हा तुटला, कचेऱ्या गेल्या, तं खोल्यांत कोन राहीन?"

"जिल्हा तुटू द्या ना! आदिलाबाद कोठी जाते?"

"आदिलाबाद नाही जात. साहेब लोकं जातीन."

"बापा! वयनी राजकारन बोलून राह्यल्या!" दीर मोठ्यानं हसले, पण चहा तसाच राहिला. मग म्हणाले, "पाहा बरं, दुसरं गिऱ्हाईक उद्याच येऊन राह्यलं."

"मंग त्यालेच द्या," मी म्हटलं.

ते गिऱ्हाईक आलं नाही. पुढे जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, गल्लीतल्या कितीतरी लोकांनी सामान बांधलं. मधल्या खोलीतली ती बाई खरी भाडेकरू होती की एका दिवसापुरती आणून बसवली होती, हे मला आजही कळलेलं नाही. दीर म्हणतात, वयनीनं सोन्याच्या खोल्या घालवल्या. पण खोल्या अजून त्यांच्याकडेच आहेत.

मी गुडीहत्नूरची मलगी घेतली. तिथे पंक्चरवाला आहे. भाडं खरंच निम्मं आहे, आणि कधी कधी उशिरा येतं. मागे एकदा तो म्हणाला, सासरा वारला, म्हणून उशीर झाला. मी हो म्हटलं, आणि शेजारच्या चहावाल्याला जाऊन विचारलं.

वारला होता खरंच.