ट्रे वळेना

घरात तिला सगळे वावटळ म्हणत. फोन लावायची आणि पलीकडच्यानं उचलायच्या आत ठेवून मोकळी व्हायची. नवरा म्हणायचा, "तुझ्याशी बोलायचं तर माणसानं आधीपासून तोंड उघडून बसायला हवं." देवानं हिला हात सोन्याचे दिले आणि दम तेवढा द्यायला विसरला, असं सासूबाईंचं मत.

ही वावटळ यंत्रांच्या पोटातले प्रोग्रॅम लिहायची. सध्या अंडी उबवायचं यंत्र हाती होतं. त्यात एक प्रोसेस, म्हणजे प्रोग्रॅमचा सतत चालणारा भाग, ऊब सांभाळते, एक हवेतली ओल, एक अंड्यांचे ट्रे वळवते. प्रत्येकीच्या मागे तिनं टायमर लावला होता. वेळेत काम उरकलं नाही तर ती अडकली असं समजून ऑपरेटिंग सिस्टिमनं तिला बंद करायचं आणि नव्यानं सुरू करायचं. वेळही तिनं आपल्या स्वभावाला शोभेल अशी, चिमटीत मावेल एवढीच दिली होती. कारखान्यात सगळं झकास चाललं.

आणि आज उबवणी केंद्राच्या मालकीणबाईंचा फोन आला. "यंत्र तुमचं, पण अंडी माझी आहेत. ट्रे वळत नाहीत. अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं की पिल्लू आत कवचाला चिकटतं. ताबडतोब या."

ती पोचली तेव्हा बाई आणि त्यांची भावजय हातानं ट्रे तिरपे करत होत्या. दोघी घामाघूम.

"ट्रे जरा मान उचलतो आणि परत आडवा होतो," बाई म्हणाल्या. "शाळेत जायचं नसलेल्या पोरासारखा."

"आणि हे म्हणे आपोआप चालणारं यंत्र!" भावजयीनं टोमणा हाणला.

वावटळीनं मोटर उघडली, वायर बदलली, इकडून वाकली, तिकडून डोकावली. स्क्रीनवर तर सगळं ठीक. प्रोसेस सुरू, परत प्रोसेस सुरू. इकडे अंड्यांचा जीव टांगणीला आणि तिचा त्याहून जास्त.

"अहो, जरा एका जागी उभ्या राहा," बाई वैतागल्या. "मला घेरी येतेय."

ती नाइलाजानं उभी राहिली, तेव्हा कुठे मोटरचा आवाज नीट कानावर आला. भरला ट्रे उचलताना मोटर कण्हत होती, चढत होती, आणि मध्येच गप्प. मग ट्रे खाली. कारखान्यात ट्रे रिकामे होते, पटकन वळायचे. इथे भार. अर्ध्या वाटेत टायमर संपायचा, प्रोसेस मारली जायची, आणि नवी येऊन आधी ट्रे आडवा करायची. दर वेळी नुसता श्रीगणेशा, पुढे काही नाही.

"मोटर चांगली आहे हो," ती पुटपुटली. "मीच तिला काम पुरं करू देत नाहीये."

तिनं कचेरीत फोन लावला. साहेब म्हणाले, "वेळ वाढव आणि नीघ."

पण नुसती वेळ वाढवली, तर खरोखर अडकलेला ट्रेही तेवढा वेळ बिनबोभाट पडून राहणार. ती उलट्या क्रेटवर बसली, लॅपटॉप मांडीवर. ट्रे थोडा जरी पुढे सरकला, तरी प्रोसेसनं आपला टायमर पुन्हा पहिल्यापासून लावायचा. सरकतोय तोवर सावकाश चालू दे. थबकला, की घंटा.

बदल यंत्रात चढवून तिनं ट्रे वळवायला लावला. मोटर कण्हू लागली. वावटळीचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला.

"हात मागे!" बाई ओरडल्या.

ट्रे चढला, रेंगाळला, चढला आणि पलीकडे कलला. भावजयीनं देवाचं नाव घेतलं. वावटळीनं मात्र पुढच्या फेरीला ट्रेखाली लाकडाची पाचर सारली. ट्रे अडला, आणि कानठळ्या बसवणारी घंटा वाजली.

"झालं! बिघडलं परत!"

"नाही हो बाई, आता कुठे नीट झालं," म्हणत तिनं पाचर काढली. "पिल्लं येतील ना?"

"आम्ही हातानं वळवली आहेत, पण थोडी राहून गेली असतील. ते उबल्यावरच कळायचं." बाईंनी पदरानं कपाळ टिपलं. "आणि ते काही तुमच्या फोनसारखं लवकर उरकत नाही."

फोन वाजला. साहेब विचारत होते, निघालीस का. तिनं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि ती म्हणाली, "नाही, अजून एक फेरी बघते."