आच्चीच्या हिरडीचा रंग

तिरुनेलवेलीत शेन्बगम बावीस वर्षं कवळ्या घडवत होती, आणि त्यातली निम्मी वर्षं तिने एकाच रंगाला शिव्या घालण्यात घालवली होती. हिरड्यांचे रंग जुळवायला बाहेरून येणाऱ्या रंगपट्टीवरचा तो गुलाबी! आमच्या माणसांच्या हिरड्या जांभळट, तपकिरी, कुठे काळ्या ठिपक्यांच्या, आणि पट्टीवर पाचही नमुने गुलाबी. कोणाची हिरडी बघून केले होते, देव जाणे.

इसक्कियम्माळ आच्चीच्या, म्हणजे आजीच्या, कवळीने तर तिला जेरीस आणलं. आच्ची घुंगरं बांधलेल्या भल्यामोठ्या धनुष्यावर काठ्या वाजवत देवीच्या कथा गायची. गाताना तिची वरची हिरडी सगळी दिसे. एका गावात पुढे बसलेल्या बायका तिची गुलाबी कवळी बघून पदराआड हसल्या, तेव्हापासून ती तोंडावर हात धरून बोले. तोंडावर हात धरून गाणार कशी? दुसरी कवळीही फिकीच निघाली. आडी महिन्यातली देवीची जत्रा आठ दिवसांवर आली होती.

"तिसरीही तशीच निघाली तर धनुष्य सुनेला देते आणि घरी बसते," आच्चीने सांगून टाकलं.

रंगाचं माप दातांचे डॉक्टर नेल्लैयप्पन घ्यायचे आणि त्यांच्या आकड्यांवरून शेन्बगम रंग कालवायची. नवं यंत्र आहे, आकडे चुकत नाहीत, हे त्यांचं पालुपद. या खेपेला शेन्बगम स्वतः खुर्चीजवळ जाऊन उभी राहिली. डॉक्टरांनी आच्चीचा ओठ चांगला वर ताणला, यंत्राची कांडी हिरडीवर दाबून धरली, आणि शेन्बगमच्या डोळ्यांदेखत तिथली हिरडी पांढुरकी पडली. रक्तच दाबलं जात होतं. यंत्र बिचारं दिसलं तेवढं सांगत होतं.

"डॉक्टर, कांडी काढा. आच्चीला आधी हसू द्या, ओठ आपोआप वर जाईल."

"हसण्यासारखं काय झालंय?" आच्ची गुरगुरली.

"दोन कवळ्या वाया गेल्या, आणि डॉक्टर अजून ओठच ओढतायत."

आच्ची खदखदून हसली. डॉक्टरांना राग आला, पण डोळे त्यांनाही होते; हसताना हिरडी पुन्हा गडद झालेली त्यांनी पाहिली. विड्याची लाली जाईपर्यंत चुळा भरायला लावून त्यांनी ओठ सैल ठेवला, कांडी नुसती टेकवली आणि पुन्हा माप घेतलं. आकडे चांगलेच गडद आले. शेन्बगमने गुलाबीत तपकिरी कालवला, किंचित जांभळा घातला आणि दातांच्या मुळाशी आच्चीच्या हिरडीवर होते तसेच काळे ठिपके उमटवले.

जत्रेत देवी राक्षसावर धावून गेली तिथे आच्चीने आ वासून ललकारी दिली. पुढच्या बायका हसल्या नाहीत, पदर सावरून त्या आणखी पुढे सरकल्या. शेन्बगमच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी डॉक्टर मान लांब करून बघत होते.

"शेन्बगम, हिरडी कुठे संपते आणि आपली कवळी कुठून सुरू होते?"

"शोधा," ती म्हणाली.

कथा संपून आरती झाली तरी ते शोधतच होते.