हात पेटला तेव्हा ज्योत दिसलीच नाही

एकाच हाताने टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

नेरे गावातल्या लॅबमध्ये टिश्यू कल्चर शिकतेय, म्हणजे केळीच्या कोंबाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं करायला. बाटलीत जंतू जाऊ नयेत म्हणून आधी हातांवर स्पिरिट मारायचं, ते पूर्ण सुकू द्यायचं, मगच पेटत्या दिव्याजवळ जायचं. आज मी घाई केली. जंतू मारायला बाटलीचं तोंड ज्योतीवर धरलं आणि हातच पेटला! आग इतकी फिकट की दिसेचना, नुसता चटका.

किंचाळत पळणार, तोच शिकवणाऱ्या मॅडम ओरडल्या, "पळू नकोस!" आणि त्यांनी ओला टॉवेल हातावर दाबला.

फोड बारीकच आलेत. घरी अजून बोलले नाहीये.

आत्ता आई म्हणाली, "देवापुढे दिवा लाव गं." मी काडीपेटी हातात घेऊन उभी आहे. काय सांगू तिला?