ताईच्या हँडलच्या वाट्या

उपचार संपल्यावर ताई तिच्या सासरच्या गावाहून, बीबीहून, आमच्याकडे बुलढाण्याला राहायला आली. संभाजीनगरच्या दवाखान्यात तिच्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं होतं. मग सलाइनमधून द्यायची ती कॅन्सरची औषधं, मग किरणांचा शेक. शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी रिपोर्ट चांगले आल्याचं सांगितलं आणि हात चालता ठेवा, असं बजावलं. पण तिच्या सासरी तिला कुणी पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नव्हतं. दाजी दिवसभर तिच्या मागेमागे फिरायचे. शेवटी त्यांनीच मला फोन केला, "काही दिवस घेऊन जा तिले. माह्या भेवानं ती अजून भेऊन राह्यली."

आमच्या घरामागच्या पडवीत भिंतीला एक जुनी रेसची सायकल टांगलेली आहे. ती मुळात ताईचीच. खडकपूर्णा धरणाच्या कामावर आलेले एक इंजिनिअर बदली होऊन जाताना ती विलायती सायकल आमच्या बाबांना देऊन गेले होते. तेव्हा आम्ही देऊळगाव राजाला राहायचो आणि ताई बाबांच्या काळ्या सायकलवर, दांडीखालून पाय घालून, शाळेच्या शर्यती जिंकायची. वाकड्या हँडलची ही सायकल आल्यावर तर जालना रोडवर तिला गाठणारं कुणी उरलं नाही. पुढे तिचं लग्न झालं, सायकल मला मिळाली. मी कॉलेजभर ती चालवली आणि मोटरसायकल आल्यावर टांगून ठेवली.

आल्याच्या दुसऱ्या सकाळी ताई चहाचा कप घेऊन पडवीत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी पाहायला गेलो, तर ती उजव्या हाताने पुढचं चाक फिरवत उभी होती.

"उतरवून दे," ती म्हणाली.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते हसले. "चालवू द्या. फक्त पडू देऊ नका."

हवा भरली, साखळीला तेल दिलं. ताईने ओढणी कमरेला बांधली आणि आमच्या गल्लीत निघाली. सरळ छान गेली. पण विहाराजवळच्या वळणावर हँडल मध्येच अडकलं. डाव्या हातात जोर नव्हता म्हणून तिने उजव्याने हिसका दिला, तसं हँडल एकदम जास्तच वळलं. पाय टेकला म्हणून वाचली, खांदा तेवढा भिंतीला घासला. माझी बायको धावत आली. "ठेवून द्या ती सायकल परत," ती मला ओरडून म्हणाली.

ताई धापा टाकत होती, पण तिने हँडल सोडलं नव्हतं. "मी नाही चुकली व. हे मधातच अटकून राह्यलं."

आठवडी बाजाराच्या रस्त्यावर एक जुनं सायकलचं दुकान आहे. आम्ही दोघं सायकल हातात धरून तिथवर चालत गेलो. दुकानदारांनी हँडल काढलं, पुढचं चाक धरणारा चिमटा खाली ओढला आणि आतल्या वाट्या आम्हाला दाखवल्या. चिमटा ज्या नळीत फिरतो तिच्या वर-खाली या लोखंडी वाट्या असतात आणि त्यांत छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, फिरतात. आमच्या वाट्यांत छर्र्यांनी बारीक खड्डे पाडले होते. हँडल सरळ झालं की सगळे छर्रे आपापल्या खड्ड्यात जाऊन बसत.

"पॉलिश करून जमंल का?" मी विचारलं.

"नाही सर. वाट्याच बदला लागतीन."

इथून पुढे आमचं वाट्या शोधणं सुरू झालं. दुकानात होत्या त्या साध्या काळ्या सायकलच्या. त्या आमच्या नळीत किंचित ढिल्या बसत होत्या. भोवती पत्र्याची पट्टी घालून बसवून देतो, असं दुकानदार म्हणाले, पण स्वतःच मान हलवत राहिले. "बसन. पण खड्ड्यात आपटली तर हलन. ताईच्या हाताचं तुम्ही सांगितलं, म्हणून म्हणतो."

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. प्रयोगशाळेतलं व्हर्निअर घरी आणलं आणि नळीचं तोंड, चिमट्याचा दांडा, आटे, सगळं मोजलं. मोबाइलवर शोधून एक नवीन सेट मागवला. त्याचे छर्रे बंद डब्यात असतात, धूळ आत जात नाही. पार्सल उघडलं आणि मी त्याच्या प्रेमातच पडलो. काळाभोर, चकचकीत; बोटाने फिरवला की थांबायचंच नाव घेईना. ताईच्या हाताला हाच योग्य, असं मी घरात दोनदा बोलूनही दाखवलं.

दुकानात लावून पाहिला तर तो उंचीला जास्त निघाला. सगळे भाग चढवल्यावर वरच्या नटाला धरायला एखादाच आटा उरत होता. मी म्हणालो, "एका आट्यावर नाही का राहणार?"

दुकानदारांनी नट पुन्हा उलटा फिरवून काढला. ताई शेजारच्या स्टुलावर बसली होती. "अरे, मले सायकल चालवायची आहे, शोकेसमधी नाही ठेवायची," ती म्हणाली. मी सेट खोक्यात भरला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग मी जुन्या सायकली जपणाऱ्या लोकांच्या एका ग्रुपवर मापं आणि फोटो टाकले. पुण्याच्या एका गृहस्थांनी उत्तर दिलं. त्यांच्याकडे त्याच काळातला, न वापरलेला सेट पडून होता. त्याची चकाकी गेली होती, एका वाटीवर ओरखडा होता. पण मापं जुळत होती, उंचीसुद्धा. त्यांनी कुणासाठी हवाय असं विचारलं, मी सांगितलं. सेट आला तेव्हा ताईने वाटी हातात घेऊन आतून अंगठा फिरवला आणि मग म्हणाली, "तू पाह्य. मले बोटाच्या टोकाले काही समजत नाही आता."

औषधांनी तिच्या बोटांच्या शेंड्यांना बधिरपणा आला होता. हे तिने घरात कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

मी अंगठा फिरवला. वाटी आतून काचेसारखी गुळगुळीत होती.

दुकानदारांनी लाकडाचा ठोकळा ठेवून वाट्या ठोकून बसवल्या. छर्रे जाळीत बसवलेले घ्यायचे की सुटे, हे ठरायचं होतं. जाळीचे बसवायला सोपे. सुटे जास्त मावतात, भार वाटला जातो, हँडल हलकं फिरतं. पण एकेक लावत बसावं लागतं.

"सुटे द्या. मी लावते," ताई म्हणाली.

मी म्हणालो, "ताई, ते करतील ना."

"काऊन? माह्याच सायकलचे आहेत."

दुकानदारांनी वाटीत ग्रीस भरलं आणि छर्र्यांची ताटली तिच्यासमोर ठेवली. ती डाव्या हाताने एकेक छर्रा उचलून ग्रीसमध्ये दाबू लागली. बोटांना कळत नव्हतं, म्हणून डोळ्यांनी पाहून. कितीतरी निसटले, ताटलीत टणटणले, एक गटाराच्या जाळीपर्यंत गेला. तिने कुणाला वाकू दिलं नाही. कपाळावर घाम आला होता, नुकतेच उगवलेले आखूड केस ओले झाले होते. शेवटचा छर्रा बसला तशी तिने ग्रीसने माखलेली बोटं माझ्यासमोर धरली आणि मोठ्याने हसली. आजारपणानंतर तिचं असं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

नट दुकानदारांनी तिलाच विचारत विचारत आवळला. "जड? आता?" ती एका बोटाने हँडल ढकलून पाहायची. "अजून थोडं ढिलं." मग हँडल आपल्या वजनाने एका बाजूला कलंडलं. "हाव, आता बरोबर."

पहिले काही दिवस ती क्रीडासंकुलाच्या मैदानावर फेऱ्या मारत होती. मी कडेला उभा राहायचो. एका सकाळी देऊळघाटच्या रस्त्याला लागली आणि मागे वळून मला म्हणाली, "तू घरी जाय, कॉलेज आहे तुले." मी वळणापर्यंत पाहत राहिलो. ती अलगद वळली. घरी आली ती सीताफळांची पिशवी हँडलला अडकवून.

दिवाळीआधी दाजी तिला न्यायला आले. सायकल जीपच्या टपावर बांधताना कुरकुरत होते, पण दोऱ्या मात्र त्यांनीच दोनदा तपासल्या. परवा त्यांचा फोन आला. ताई रोज सकाळी शाळेच्या दोन-तीन पोरींना घेऊन निघते म्हणे, त्यांना वळणं शिकवते.

"लय सांगितलं, हळू चालव. ऐकूनच नाही राह्यली तुमची बहीण," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. मागून ताई ओरडली, "त्याले विचारा, लहान पोरींसाठी जुन्या सायकली कुठी भेटतीन!"